कपाशीतील कामगंध सापळे: दोन महिन्यांचा अनुभव
चोपड्याच्या बाजारातून गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी 5 याप्रमाणे कामगंध सापळे आणून ते कपाशीच्या शेंड्यांपेक्षा वीतभर उंच बांधले. सापळ्यातील ल्यूरला, म्हणजे गंधाच्या आमिषाला, या अळीच्या मादी पतंगासारखा गंध असल्याने त्यात फक्त नर अडकतात. म्हणजे हे अळी मारण्याचे नव्हे, तर फवारणीची वेळ ओळखण्याचे साधन आहे, आणि विक्रेत्याने हे आधीच सांगायला हवे होते. सलग 3 रात्री प्रत्येक सापळ्यात रोज 8 पतंग आढळले, की फवारणी करावी. आमच्याकडे तसे झाले त्याच सकाळी डोमकळी, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेले फूल, उलगडली, तर आत काळ्या डोक्याची, अजून पांढुरकीच असलेली बारीक अळी परागकण खात होती. ल्यूर उत्तम आहे. सापळ्याची प्लास्टिकची पिशवी मात्र पहिल्याच वादळात फाटली.