क्रॉई परिषदेची नवसंशोधक कार्यशाळा: उपयुक्त, पण वेगवान

‘क्रॉई’ ही एचआयव्हीसारखे रेट्रोव्हायरस आणि संधिसाधू संसर्ग यांवरील, १९९३ मध्ये सुरू झालेली संशोधन परिषद. तिच्या प्रारंभी, एचआयव्ही संशोधनात नुकतेच पाऊल टाकणाऱ्यांसाठी होणारी कार्यशाळा मला विशेष उपयुक्त वाटते, कारण पुढे चर्चेत येणाऱ्या विषयांची पार्श्वभूमी तिथे जाणकारच उलगडून सांगतात. सुप्त विषाणूसाठ्याचेच (उपचार चालू असतानाही शरीरात दडून राहणाऱ्या विषाणूचेच) पाहा: विश्रांत सीडी-४ पेशींत (निष्क्रिय अवस्थेतल्या रोगप्रतिकारक पेशींत) दडलेल्या विषाणूला औषधे का संपवू शकत नाहीत आणि पीसीआर चाचणीत (विषाणूचे जनुकीय अंश मोजणाऱ्या चाचणीत) नवे विषाणू तयार करू न शकणाऱ्या सदोष प्रतीही कशा मोजल्या जातात, हे पाठ्यपुस्तकात क्वचितच इतके नेमके सापडते. व्याख्यानांच्या ध्वनिचित्रफिती नंतर विनामूल्य पाहता येतात, ही पुण्यातल्या (विशेषतः भोसरीच्या एड्स संशोधन संस्थेतल्या) विद्यार्थ्यांची मोठीच सोय. वेग मात्र नवख्याला झेपणारा नाही. शिवाय प्रत्यक्ष प्रश्न विचारायचे, तर परिषद बहुधा अमेरिकेत भरत असल्याने शिष्यवृत्ती मिळूनही तिथला व्हिसा मिळवावाच लागतो.