छोट्या सीएनसीवर आठ महिने: अ‍ॅक्सलरेशनचा आकडा कळला आणि पाट्या सुधारल्या

३०१८ मापाचं (साधारण ३०० × १८० मिमी) सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारं कोरकामाचं मशीन, मी आठ महिने जवळजवळ रोज चालवतोय. काम एकच, अ‍ॅक्रिलिकच्या आणि लाकडाच्या नावाच्या पाट्या, त्याही बहुतेक देवनागरीत. मशीन हलवणाऱ्या जीआरबीएल १.१ या प्रोग्रामचा बोर्ड, ठरावीक बारीक पावलांनी (स्टेप) फिरणाऱ्या स्टेपर मोटर, ४ मिमी लीडचे, म्हणजे एका फेऱ्यात ४ मिमी सरकवणारे, टी८ स्क्रू. मशीनबद्दल सांगण्यासारखं बरंच आहे, पण मी एकाच सेटिंगबद्दल लिहितोय. घेताना त्याविषयी मला कुणी चकार शब्द सांगितला नव्हता.

पहिले दोन महिने एकच रड होती. शिरोरेषा सुरेख यायची, धार काचेसारखी. पण ‘क्ष’, ‘श्र’, ‘ळ’ यांच्या वळणात अ‍ॅक्रिलिक वितळून कटरलाच चिकटायचं. कटर बदलून पाहिले. फीड, म्हणजे कटर सरकण्याचा वेग, मिनिटाला ६०० मिमीवरून ८०० केलं, मग १०००. काडीचा फरक पडला नाही, आणि पाटीला लागणारा वेळही जवळपास तेवढाच राहिला. फीड वाढवूनही वेळ कमी होत नाही म्हणजे मशीन त्या फीडला पोहोचतच नाहीये, हे तेव्हा कुठे डोक्यात आलं.

बोर्डाला $$ ही आज्ञा देऊन सेटिंग काढल्या. $१२०, $१२१, $१२२, म्हणजे एक्स, वाय, झेड (वर-खाली) या अक्षांचं अ‍ॅक्सलरेशन, वेग किती झपाट्याने वाढवायचा तो आकडा. तिन्ही ठिकाणी १०. मिमी प्रति सेकंद वर्ग. जीआरबीएलचा मूळचा आकडाच विक्रेत्याने जसाच्या तसा ठेवला होता.

आता हिशेब बघा. फीड ६०० म्हणजे सेकंदाला १० मिमी. अ‍ॅक्सलरेशन १० असेल तर तेवढा वेग घ्यायला पूर्ण एक सेकंद जातो आणि ५ मिमी अंतर जातं. थांबायला आणखी ५ मिमी. १८० मिमीच्या शिरोरेषेला याचं काही वाटत नाही. पण ४ मिमीचा एखादा काना थांब्यापासून थांब्यापर्यंत कापायचा तर वेग जेमतेम ३८० पर्यंत चढतो आणि लगेच उतरायला लागतो.

वळणांचं दुखणं याहून खोल आहे. सॉफ्टवेअर गोलाईचे बारीक तुकडे पाडतं. माझ्या फाइलींत एक तुकडा साधारण ०.१ मिमीचा असतो. बोर्ड पुढचे पंधरा-सोळा तुकडेच पाहू शकतो, आणि पुढचं काही आलंच नाही तर तेवढ्यात थांबता यावं असाच वेग धरतो. म्हणजे थांबायला दीड-पावणेदोन मिमी जागा. अ‍ॅक्सलरेशन १० असताना त्या जागेत थांबता येईल असा जास्तीत जास्त वेग ३४० च्या आसपास येतो. फीड हजार लिहा नाहीतर दोन हजार, वळणात मशीन ३४० च्या वर जाणारच नाही. स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारी मोटर, मात्र त्याच आरपीएमवर फिरत असतो. मग कटर चिप काढायच्या ऐवजी घासत बसतो आणि अ‍ॅक्रिलिक तापून वितळतं.

उत्साहाच्या भरात मी एक्स आणि वाय एकदम ४०० केले. हवेत चालवून पाहिलं, झकास. पाटी लावली. दीड तासाच्या कामात शेवटची ओळ वरच्या ओळीपेक्षा जवळपास मिलिमीटरभर सरकलेली निघाली. गिऱ्हाइकाच्या वडिलांच्या नावाची पाटी होती ती, मला फार लागलं. स्टेपर मोटरला आपण चुकलो हे कळत नाही. तिला ढकललं, ती अडली, तरी बोर्ड पुढचाच आकडा मोजत राहतो.

शेजारच्या लेथवाल्या काकांना दाखवलं. त्यांनी कपाटातून डायल गेज, म्हणजे बारीक सरकणं मोजणारं काट्याचं मापक, काढून दिला आणि म्हणाले, “नुसतं चालतंय का ते बघू नकोस रे. परत त्याच जागी येतंय का ते बघ.”

तेव्हापासून चाचणी अशी करतो. गेज मॅग्नेटवर बसवून काटा शून्यावर आणायचा. अक्ष १०० मिमी पूर्ण वेगात पन्नास वेळा मागे-पुढे, मग २-२ मिमीचे झटके शंभरेक वेळा, आणि परत शून्यावर. काटा थोडा हलला आणि दरवेळी तेवढाच हलला, तर ती स्क्रूमधली ढिलाई. फरक वाढत गेला तर स्टेप चुकतायत. सुटताना मोटर चार पूर्ण स्टेपच्या पटीत सुटते, माझ्या स्क्रूवर ०.०८ मिमी. गेजवर ०.०८, ०.१६, ०.२४ असे आकडे दिसले की शंकाच उरत नाही.

एक्स ४५० ला रिकामा असतानाच चुकायला लागला. ३०० वर गेजला पास झाला, पण स्क्रूवर अ‍ॅक्रिलिकची भुकटी बसल्यावर एकदा दगा दिलाच. आता एक्स २००, वाय १५०, झेड ६०. २०० वर ६०० चा फीड पाव मिलिमीटरमध्ये मिळतो. वितळणं गेलं. ५२ मिनिटांची पाटी ३१ मिनिटांत होते.

झेड मुद्दाम कमी ठेवलाय, स्पिंडलचं वजन त्याला उचलावं लागतं. उचलताना स्टेप चुकली तर बोर्डाला वाटतं कटर वर आहे, प्रत्यक्षात तो खालीच असतो, आणि पुढचा घाव तेवढा जास्त खोल बसतो. व्ही-बिटच्या, म्हणजे टोकदार कटरच्या, कामात मात्र याची किंमत मोजावी लागते. तिथे झेड सतत हलतो, आणि जीआरबीएल कुठल्याच अक्षाची मर्यादा ओलांडत नाही, म्हणून झेडपायी एक्स-वायही मंदावतात. ती कामं वेळ देऊनच घेतो.

$११ ला, म्हणजे कोपऱ्यावर किती वेग ठेवायचा त्या सेटिंगला, मी हात लावलेला नाही. अ‍ॅक्सलरेशन वाढलं की कोपऱ्यातला वेग आपोआप वाढतो, मला तेवढा पुरला. कमाल वेग आधी ठरवा, अ‍ॅक्सलरेशन नंतर. वेग वाढला की स्टेपरचा जोर घटतो, त्यामुळे कमाल वेग बदलला तर चाचणी पहिल्यापासून. आणि जुने आकडे वहीत उतरवून ठेवा, कारण नवे बोर्डात कायमचे बसतात, वीज घालवली तरी जात नाहीत.

एक अडचण शिल्लक आहे. या मशीनमध्ये वायला जॉबसकट, म्हणजे कोरायच्या वस्तूसकट, अख्खा बेड हलतो. गेल्या महिन्यात ग्रॅनाइटची फरशी आली. १५० वर बेड सुरू होताना टेबलच हादरलं, म्हणून वाय ८० वर आणला आणि सहा तास लावून तुळशी वृंदावनावरचं नाव कोरलं. आता जड जॉब आला की आधी वजनकाट्यावर ठेवतो.