गॅरेजच्या लाईटला साधं बटण लावून घेतलं आणि वायरमनने पार गंडवलं

काम एवढुसं होतं. गॅरेजमध्ये वर्कबेंचवर एलईडी ट्यूब आहे, ती लावायला अंधारात चाचपडत टेबलापर्यंत जावं लागायचं, म्हणून दाराशेजारी भिंतीवर एक बटण हवं होतं, बस. ओळखीतून एक वायरमन आला, बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला भिंत फोडून पाईप टाकावा लागेल, तांब्याची दीडची (दीड चौरस मिमी) वायर लागेल, अख्खं बंडलच घ्यावं लागतं, सामान मीच आणतो तुम्हाला कशाला हेलपाटे. वर ग्राइंडरसाठी एक सॉकेटपण "फ्री" लावून दिला. उरलेलं बंडल त्याच्याबरोबर गेलं, बिलात मात्र पूर्ण लावलेलं.

नंतर दिसलं की बटण बंद केलं तरी ट्यूब मंद मिणमिणते. फोन केला तर म्हणे "एलईडीचं असंच असतं साहेब." आता हे अगदीच खोटं नाही बरं का, बटणात इंडिकेटर (बारीक दिवा) असेल तर त्यातून जाणाऱ्या जराशा करंटवरही एलईडी मिणमिणतो, आणि दोन वायरी लांबपर्यंत चिकटून गेल्या असतील तरी होतं. म्हणूनच असली थाप पचते. माझ्या बटणात इंडिकेटर नव्हता आणि वायर चार पावलांची.

दुसऱ्याला बोलावलं. त्याने बटण बंद ठेवून मल्टीमीटरचं एक टोक अर्थिंगला आणि दुसरं ट्यूबच्या कनेक्टरला लावलं तर पूर्ण व्होल्टेज! पहिल्या शहाण्याने बटण फेजवर (करंट आणणाऱ्या वायरवर) न टाकता न्यूट्रलवर (परतीच्या वायरवर) टाकलेलं. ट्यूब मिणमिणायची ती म्हणूनच. म्हणजे बटण बंद असलं तरी ट्यूबपर्यंत फेज आलेलाच आहे, कुणी बटण बंद करून भरवशाने ट्यूब बदलायला हात घातला की बसलाच झटका. टेस्टर लावून फेज कुठला ते बघायचे कष्टसुद्धा घेतले नव्हते. (नुसत्या टेस्टरवरही विसंबू नका, शेजारच्या वायरच्या इंडक्शननेही तो कधी कधी पेटतो, मीटर लावूनच बघायला सांगा.)

मग बोर्ड उघडला आणि एकेक बाहेर यायला लागलं. वायरचं टोक ब्लेडने खरवडलं तर वरून तांबूस, आतून पांढरं, म्हणजे अॅल्युमिनियमला तांब्याचा मुलामा. तांबं असेल तर कितीही खरवडा, आतपर्यंत लालसरच दिसतं, आणि सारख्या जाडीची तांब्याची वायर हातात घेतली तरी जड लागते. अॅल्युमिनियम त्याच जाडीत करंट कमी झेपवतं, स्क्रूखाली हळूहळू ढिलं होतं आणि तिथेच तापायला लागतं. नुसत्या ट्यूबला ते कदाचित कळलंही नसतं पण तो फ्री सॉकेट त्याच लाईटच्या वायरवरून लूप मारून (पुढे जोडून) दिलेला, त्यावर ग्राइंडर! सॉकेटमागच्या वायरचं इन्सुलेशन काळं पडून कडक झालं होतं.

पाईप? भिंतीत पाईप नव्हताच. पैसे पाईपचे घेतले आणि आत मोकळी वायर, तिला मध्येच पीळ मारून टेप गुंडाळलेला जॉइंट, वरून प्लास्टर. जॉइंट उघडता येईल अशा बॉक्समध्ये हवा, भिंतीत गाडायचा नसतो, हे शिकाऊ पोरालाही माहीत असतं. ट्यूबची पट्टी पत्र्याची, तिची अर्थिंगची वायर कापून नुसती आत कोंबलेली. हे सगळं पुन्हा करून घ्यावं लागलं, वेगळे पैसे गेले ते गेलेच.

तुम्ही करून घेणार असाल तर प्लास्टर मारायच्या आधी समोर उभं राहून पाईप बघा, वायरचं टोक स्वतः खरवडा, सॉकेटची लाईन लाईटच्या वायरवरून घेऊ देऊ नका, आणि मीटर लावून दाखवल्याशिवाय शेवटचे पैसे हातात देऊ नका. उरलेलं बंडल तुमचं आहे, बिल तुम्ही भरलंय. आणि हो, एमसीबी (मेन बोर्डातला खटका) पाडल्याशिवाय स्वतः बोर्डात बोट घालायला जाऊ नका.

त्या माणसाला सगळे फोटो पाठवले. उत्तर आलं, "लाईट लागत होता ना? मग बोर्ड उघडायला कुणी सांगितलं होतं?" त्यानंतर फोन उचलत नाही.