गोळा, पाच चित्रपट आणि एक लांबडा माणूस

खोकं उघडलं आणि सगळ्यात आधी गोळा निसटला. टेबलावरून घरंगळत पार कडेला गेला. मी दोन्ही हातांनी झेलला, तर बायको म्हणाली, "एवढ्या काळजीनं कधी कपबशी उचलली नाहीस."

तिचं खरं आहे. पण कपबशी कपाळात रुतत नाही. हा रुततो.

'फँटॅझम' या अमेरिकी भयपट मालिकेच्या पाचही चित्रपटांचा ब्लू-रे संच मी मागवला होता. सोबत एक पुस्तिका आणि तो प्रसिद्ध चंदेरी गोळा. ज्यांनी यातलं काहीच पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: पांढऱ्या संगमरवरी बोळातून हा गोळा सूंऽ करत उडत येतो, त्यातून दोन पाती बाहेर पडतात, ती माणसाच्या कपाळात घुसतात, मग मधलं ड्रिल फिरायला लागतं आणि मागून रक्ताची पिचकारी. गंमत म्हणजे १९७९च्या पहिल्या चित्रपटात गोळा एकाच माणसाचा जीव घेतो. तेवढ्या भांडवलावर तो पोस्टरांवर, टी-शर्टांवर आणि आता माझ्या कपाटात येऊन बसलाय.

आधी तक्रार. पेटी दिसायला देखणी, पण आतली रचना कुणी विचार करून केलेली नाही. गोळ्यासाठी केलेला खळगा उथळ आहे, त्यामुळे प्रवासात गोळा सुटतो आणि डिस्कच्या कप्प्यावर आपटत राहतो. माझ्याकडे आला तेव्हा चौथ्या डिस्कची पकड तुटलेली होती आणि डिस्क आत मोकळी खुळखुळत होती. विक्रेत्याने डिस्क बदलून दिली, पण त्यासाठी तीन वेळा फोटो पाठवावे लागले. गोळ्यावरचा चरा मात्र 'वापरावर परिणाम होत नाही' म्हणून अमान्य. वापर म्हणजे नक्की कोणता, हे विचारायचं मी टाळलं. घेणार असाल तर आपला प्लेअर कोणत्या रीजनचा, म्हणजे कोणत्या प्रदेशातल्या डिस्क चालवणारा आहे, तेवढं आधी बघून घ्या.

चित्राबद्दल मात्र चकार शब्द काढायला जागा नाही. पहिल्या भागाचा 4के पुनरुद्धार २०१६ साली दिग्दर्शक जे. जे. अब्राम्सच्या बॅड रोबॉट कंपनीने केला. हा अब्राम्स आमच्यातलाच. 'स्टार वॉर्स'मधल्या कॅप्टन फॅझ्माचं नाव त्याने याच चित्रपटावरून ठेवलं, कारण तिचं चकचकीत चिलखत बघून त्याला हा गोळा आठवला. इंग्रजीत या मालिकेचे वेडे लोक 'फॅन'चं स्पेलिंगही एफऐवजी पीएचने करतात. मराठीत हा विनोद जागच्या जागी मरतो, कारण आपल्याकडे दोन्ही 'फ'च.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो दादाने कुठूनशी मिळवलेल्या व्हीएचएसवर, आणि तीही कॉपीची कॉपी. त्यात रात्रीचे प्रसंग म्हणजे नुसता काळा चिखल, त्यात कुठेतरी एक पांढरा चेहरा हलायचा. आता त्याच प्रसंगांत झाडं दिसतात, धुकं दिसतं, थडग्यांवरचा ओलावा दिसतो. दिग्दर्शक डॉन कॉस्करेली तेव्हा विशीत होता. लेखन, छायांकन, संकलन सगळं त्याचंच. वडील निर्माते, आईने वेगवेगळ्या नावांनी निम्मी खाती सांभाळलेली. शूटिंग शनिवार-रविवारी. ही घरगुती काटकसर नव्या प्रतीत लपत नाही आणि माझ्या मते लपूही नये. गोळा कपाळाला चिकटतो तो शॉट आधी चिकटवून, मग ओढून काढून, फिल्म उलटी चालवून केलाय. मी तो सहा वेळा मागे-पुढे करून पाहिला. कळतं. तरी दचकायला होतंच.

आणि टॉल मॅन, या मालिकेचा खलनायक. अँगस स्क्रिम मुळात ६ फूट ४ इंच, त्यात उंच टाचांचे बूट आणि मुद्दाम आखूड मापाचा काळा सूट. तो एकट्याने शवपेटी उचलून गाडीत सरकवतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर कपड्यांचं कपाट आवरल्याइतकाही ताण नसतो. संवाद मोजून चार-दोन, त्यातला अमर झालेला एकच: "बॉऽऽय!" हाच माणूस खऱ्या आयुष्यात रेकॉर्डच्या वेष्टनांवर शास्त्रीय संगीताची टिपणं लिहायचा, त्यासाठी त्याला ग्रॅमीही मिळालं होतं. दादाला हे माहीत नव्हतं. तो फक्त जिन्याच्या वरच्या पायरीवर दबा धरून बसायचा आणि मी दिवा लावायच्या आत "बॉऽऽय!" करायचा.

गोष्ट विचाराल तर सांगणं अवघड आहे. प्रेतं चोरून, दाबून, बुटकी करून दुसऱ्या जगात गुलाम म्हणून पाठवतात. तिथे जायला दोन धातूच्या खांबांमधून वाट आहे. पिवळ्या रक्ताचं तुटलेलं बोट डबीत ठेवलं की त्याचा किडा होतो. पण खाली जे चाललंय ते साधं आहे. माइक तेरा वर्षांचा आहे, आईवडील गेलेत, मोठा भाऊ जोडी आता आपल्यालाही सोडून जाणार हे त्याला कळलंय. जोडी सायकलवरून चाललाय आणि माइक त्याच्यामागे पळतोय, एवढंच दृश्य आहे. दादा नोकरीला बाहेर गेला तेव्हा मीही तेराचाच होतो. ती कॅसेट त्याने मला देऊन टाकली होती.

पुढचे भाग समसमान नाहीत. दुसऱ्याला (१९८८) युनिव्हर्सलचे पैसे मिळाले, त्यामुळे स्फोट भरपूर, चार नळ्यांची बंदूकही आली. पण माइक म्हणून मायकल बाल्डविनच्या जागी जेम्स लेग्रो. तो नट वाईट नाही, आपला नाही एवढंच. तिसरा (१९९४) धांगडधिंगा. बाल्डविन परतला ही त्यातली चांगली बातमी. पाचवा, 'रॅव्हेजर' (२०१६), पडद्यावर स्वस्त दिसतो आणि या संचात तर जास्तच, कारण इतकी स्वच्छ प्रत त्याचे सगळे कॉम्प्युटरी डाग दाखवते.

संच घ्यायचा तो चौथ्यासाठी. 'ऑब्लिव्हियन' (१९९८) बनवायला पैसे नव्हते, म्हणून कॉस्करेलीने पहिल्या चित्रपटातली न वापरलेली जुनी रिळं बाहेर काढली. वीस वर्षांपूर्वीचा माइक, वीस वर्षांपूर्वीचा रेजी (दोघा भावांचा आइस्क्रीमवाला दोस्त), मेकअप नाही, खोटे केस नाहीत, खरीखुरी कोवळी तोंडं. सुरुवातीपासून पाठोपाठ बघत आलात तर तोवर रेजी झालेल्या रेजी बॅनिस्टरचं टक्कल तुमच्या डोळ्यांसमोर वाढलेलं असतं. आणि शेवटी एकदम ते जुनं फूटेज: रात्र, आइस्क्रीमची गाडी, पोरगेला माइक शेजारी बसलाय. त्याला काहीतरी ऐकू येतं. रेजी म्हणतो, वारा आहे नुसता. गाडी पुढे निघून जाते. मी तिथे रिमोट खाली ठेवला आणि थोडा वेळ उठलोच नाही. बायकोने विचारलं, "घाबरलास?" मी हो म्हणालो, समजावत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

'रॅव्हेजर' प्रदर्शित होण्याआधीच, जानेवारी २०१६मध्ये, स्क्रिम गेला. त्यात रेजी म्हातारा होऊन खाटेवर पडलाय, स्मृती विसकटलीय, आणि माइक त्याच्याजवळ बसून त्याच्या गोष्टी ऐकतो. स्पेशल इफेक्ट्सना मी पाचातले दोन देईन. या खाटेजवळच्या प्रसंगांना गुण द्यायला मला जमणार नाही; या माणसांना मी कॅसेटच्या काळापासून ओळखतो.

गोळ्याबद्दल राहिलंच. पाती पक्की बसवलेली आहेत, आत-बाहेर होत नाहीत, ड्रिल बिल विसरा. चकाकी सुरेख, पण बोटांचे ठसे लगेच उमटतात, सारखं पुसत बसावं लागतं. मी तो चरा भिंतीकडे करून ठेवलाय.

रविवारी दादाला व्हिडिओ कॉलवर दाखवला. चष्मा कपाळावर ढकलून तो स्क्रीनच्या अगदी जवळ आला. "फिरव जरा," म्हणाला. फिरवला. चरा दिसला.

"अरे, हा तर वापरलेला आहे."