टिकाल की कोपान? माया बघायचे तर आधी कुठे जायचं

अमेरिकेत राहणारे आपले लोक कॅनकूनला गेले की एक दिवस चिचेन इत्सा हे जवळचं माया शहर करतात, आणि तेही छानच आहे. पण माया या मध्य अमेरिकेतल्या प्राचीन लोकांबद्दलची समजूत गेल्या साठ-सत्तर वर्षांत कशी पार उलटीपालटी झाली हे जागेवर जाऊन बघायचं असेल तर माझ्या मते निवड दोनच ठिकाणांत आहे, ग्वाटेमालातलं टिकाल नाहीतर होंडुरासमधलं कोपान, आणि चार दिवसांच्या सुट्टीत दोन्ही करायला गेलात तर एकही धड होणार नाही.

आधी जुनी समजूत काय होती ते बघा. मॉर्ली, एरिक थॉम्पसन अशा मोठ्या अभ्यासकांचं म्हणणं होतं की माया म्हणजे शांत, आकाशाकडे डोळे लावून बसलेले पुरोहित, त्यांची शहरं एरवी रिकामी, लोक फक्त सणावारी जमायचे आणि शिलालेखांत नुसत्या तारखा नि ग्रहतारे.

यातला 'रिकामी शहरं' हा भाग टिकालने मोडला. 1956 पासून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या टीमने तिथे जंगल तुडवत 16 चौरस किलोमीटरचा नकाशा केला आणि नुसत्या पिरॅमिडांवर न थांबता गुडघाभर उंचीचे साधे मातीचे उंचवटेही मोजले, ती लोकांची घरं निघाली, हजारोंच्या वस्तीची. मग विमानातून लेझर सोडून झाडांखालची जमीन दाखवणारं लायडार आलं, 2018 मध्ये उत्तर ग्वाटेमालातल्या 2,100 चौरस किलोमीटरचे निकाल जाहीर झाले तर घरं, रस्ते, शेतीचे बांध, तटबंद्या धरून 60 हजारांवर बांधकामं! आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे टिकालच्या एका तलावात 2020 मध्ये झिओलाइट नावाचं खनिज सापडलं, म्हणजे पाणी गाळायला त्यांनी ते मुद्दाम बाहेरून आणलेलं.

अडचण एकच, यातलं बरंचसं डोळ्यांना दिसत नाही. चौथ्या मंदिरावर साधारण 65 मीटर उंचीवरून खाली जंगल आणि त्यातून वर आलेले देवळांचे माथे दिसतात, दृश्य जबरदस्त आहे, पण झाडीतला प्रत्येक उंचवटा कुणाचं तरी घर असू शकतं हे आधी वाचून गेलात तरच कळतं.

कोपान आकाराने लहान, पण तिथे एका दगडासमोर उभं राहून सगळा बदल समजतो. अल्टार क्यू, चौकोनी दगड, चार बाजूंना चार-चार माणसं मांडी घालून बसलेली, एकूण 16. ही ज्योतिषांची सभा आहे, पंचांग दुरुस्त करायला जमलेत असं कितीतरी वर्षं मानलं जायचं. 1960 मध्ये तातियाना प्रोस्कुरियाकॉफ या अभ्यासिकेने पिएद्रास नेग्रास या दुसऱ्या माया शहरातल्या शिलालेखांवरून दाखवलं की या तारखा राजांचे जन्म आणि राज्यारोहण सांगतात, पुढे लिपी वाचता यायला लागली तेव्हा इथले 16 जण म्हणजे कोपानचे ओळीने 16 राजे निघाले. पहिला याश कुक मो, 426 साली गादीवर आलेला, तो सोळाव्या राजाच्या हातात राजचिन्ह देतोय. दगडात या पहिल्या राजाच्या उजव्या हातावर ढाल आहे. नंतर पुरातत्त्वज्ञांनी देवळांखाली बोगदे खणले तेव्हा त्याचाच मानला जाणारा सांगाडा मिळाला, आणि त्याचं उजव्या हाताचं हाड मोडून वाकडं जुळलेलं होतं! अंगावर काटा येतो वाचताना. दात-हाडांतल्या स्ट्रॉन्शियमवरून (हे मूलद्रव्य जिथे वाढलो तिथल्या अन्नपाण्यातून शरीरात उतरतं) कळलं की हा माणूस तिथला नव्हताच, लहानपण बहुधा टिकालच्या बाजूला गेलेलं.

आणि नवीन मतंही अशी बदलतात बरं का. जंगलतोडीमुळे कोपान बुडालं असं बरेच दिवस सांगायचे, 2010 मध्ये तळ्याच्या गाळातल्या परागकणांच्या अभ्यासाने ते खोडून काढलं. त्यामुळे गाईड एकच कारण ठासून सांगायला लागला तर पुढचे प्रश्न जरूर विचारा.

तर मी काय सांगेन? भव्यता, जंगल, माकडं, पहाटेचं धुकं हवं असेल आणि आधी थोडं वाचायची तयारी असेल तर टिकाल. पण माहिती कशी बदलत गेली हेच बघायचं असेल, बरोबर मुलं किंवा आईबाबा असतील, तर बिनधास्त कोपान, गावातून अवशेषांपर्यंत चालत जाता येतं. दोन्ही जमणार असतील तर आधी टिकाल करा, म्हणजे पहिला राजा आला त्याच दिशेने तुम्हीही कोपानला पोचाल. तिथल्या म्युझियमला निदान अर्धा दिवस ठेवा, मूळ अल्टार क्यू आत आहे, बाहेर अवशेषांमध्ये ठेवलीय ती नक्कल.