पातळ दंडगोलाकार शेल: मेम्ब्रेन, डॉनेल, फ्लूगे-सँडर्स की थेट फायनाइट एलिमेंट?

शेल म्हणजे इथे पातळ भिंतीचा पाइप किंवा टाकी. त्यातला ताण आणि तो कधी चेपेल हे काढायला वरचे सिद्धान्त आहेत (डॉनेल, फ्लूगे, सँडर्स ही ते मांडणाऱ्यांची नावं), नाहीतर शेलचे छोटे तुकडे पाडून संगणकावर सोडवायची फायनाइट एलिमेंट पद्धत. सिद्धान्त निवडायला बसण्याआधी दोन गोष्टी काढून ठेवा. एक, √(त्रिज्या × जाडी) किती मिमी येतं. दुसरी, शेल विकृत होताना परिघावर किती पूर्ण लाटा उठतील. ‘सगळ्यात अचूक सिद्धान्त कोणता’ या प्रश्नापेक्षा हे दोन आकडे जास्त कामाचे.

हिशेबासाठी स्टीलचा शेल धरू: त्रिज्या १००० मिमी, जाडी १० मिमी, यंग गुणांक २०० गिगापास्कल, पॉयझन गुणोत्तर ०.३. इथे ते वर्गमूळ १०० मिमी येतं.

मेम्ब्रेन: कडेपासून लांब

यात वाकण्याचा विरोध शून्य धरतात. आत १ मेगापास्कल दाब असला की परिघी ताण म्हणजे दाब × त्रिज्या ÷ जाडी, १०० मेगापास्कल. टोकं बंद असतील तर अक्षीय ताण त्याच्या निम्मा. दोन ओळींचं काम.

फसगत होते ती कडेला. शेल जाड फ्लँजला (टोकाच्या कड्याला) पक्का जखडलेला असेल तर तिथे त्याला फुगता येत नाही आणि वाकण्याचा सुमारे १५४ मेगापास्कल ताण तयार होतो. आतल्या पृष्ठावर तो अक्षीय ५० मध्ये मिळवला की २०४, म्हणजे मेम्ब्रेनने दाखवलेल्या सर्वांत मोठ्या ताणाच्याही दुप्पट. हा परिणाम मात्र झपाट्याने विरतो: २.४४ × √(त्रिज्या × जाडी) अंतरावर, इथे २४४ मिमीवर, जेमतेम ४ टक्के उरतो. त्यापलीकडे मेम्ब्रेन पुरे. कडेसाठीसुद्धा सॉफ्टवेअर उघडायची गरज नाही, लवचीक पायावरच्या बीमचं समीकरण तेच उत्तर देतं.

डॉनेल की फ्लूगे-सँडर्स: लाटा मोजा

डॉनेलने १९३३ मध्ये वक्रतेच्या बदलातून परिघी विस्थापन (परिघाच्या दिशेने सरकणं) वगळलं आणि परिघी समतोलातून आडवा शिअर (भिंतीला जाडीच्या दिशेने कापू पाहणारं बल). समीकरणं हातात मावतील इतकी सुटसुटीत झाली. लाटा भरपूर असतील तर वगळलेल्या गोष्टींना वजनही नसतं. आखूड शेल किंवा थोड्याथोड्या अंतरावर रिंगा बसवलेला शेल असेल तर बिनदिक्कत वापरा.

लांब, बिनरिंगांच्या पाइपवर बाहेरून दाब आला की तो अंडाकृती होऊन बसतो, म्हणजे लाटा फक्त २. इथे क्रांतिक दाब (ज्याला शेल चेपतो तो) ‘लाटांचा वर्ग वजा १’ च्या प्रमाणात असतो, डॉनेलमध्ये तो वजा १ गळतो. ३ च्या जागी ४. आपल्या शेलसाठी खरं उत्तर ०.०५५ मेगापास्कल, डॉनेलचं ०.०७३. चूक ३३ टक्क्यांची आणि तीही धोक्याच्या बाजूची. (जाता जाता: आतून १ मेगापास्कल पेलणारा हाच शेल पुरेसा लांब असेल तर साध्या व्हॅक्यूमखालीही चेपेल. पूर्ण निर्वातात बाहेरचा दाब ०.१ मेगापास्कल असतो.) ५ लाटांना हीच चूक ४ टक्क्यांवर येते. म्हणून ४ पेक्षा कमी लाटा असतील तर तो वजा १ राखणारे फ्लूगे किंवा सँडर्स.

या दोघांत कोण सरस, यावर वेळ घालवू नका. पातळ शेलमध्ये त्यांच्या उत्तरांतला फरक साधारण जाडी ÷ त्रिज्या इतका, म्हणजे पातळ शेलच्या सिद्धान्ताचा पाया घालणाऱ्या लव्हच्या १८८८ च्या मूळ गृहीतकांत जेवढी ढिलाई आहे तेवढाच. स्वतः कोड लिहिणार असाल तर सँडर्स बरा: शेल नुसता फिरवला तर त्यात खोटी विकृती निघत नाही. कंपोझिटच्या थरांना मात्र हे दोन्ही अपुरे पडू शकतात. तिथे शिअर धरणारा सिद्धान्त लागतो.

फायनाइट एलिमेंट: अक्षीय दाब आला की

जाडी १ मिमी करा. अक्षीय बकलिंगचा (लांबीच्या दिशेने दाबल्यावर अचानक चेपण्याचा) अभिजात ताण ०.६०५ × यंग गुणांक × जाडी ÷ त्रिज्या, म्हणजे १२१ मेगापास्कल. नासाच्या एसपी-८००७ या मार्गदर्शक पुस्तिकेतलं घट-सूत्र याला ०.२२ ने गुणतं, हाती उरतात जेमतेम २७. डॉनेल सोडून फ्लूगे घेतला म्हणून ही दरी बुजत नाही. शेलचा आकार आदर्श सिलिंडरपासून किंचित ढळलेला असतो आणि तेवढंच पुरतं, हे कॉयटरने १९४५ मध्ये दाखवलं. त्यामुळे एक तर घट-गुणांक स्वीकारा, नाहीतर मॉडेलमध्ये आकारातले दोष घालून नॉनलिनिअर विश्लेषण करा (शेल विकृत होताना त्याचा ताठपणा बदलतो हे धरणारं).

दुसरा रस्ता धरलात तर मेश (एलिमेंटची जाळी) आधी बघा. सुरकुतीची अर्धी लाट १.७३ × √(त्रिज्या × जाडी), इथे ५५ मिमी. तीत निदान ५-६ एलिमेंट हवेत, म्हणजे बाजू १० मिमीच्या आसपास आणि परिघावर सुमारे ६३०. मेश भरड ठेवलात की शेल उगाच ताठ वागतो आणि बकलिंग लोड फुगतो. दोष म्हणून पहिला आयगेनमोड (आदर्श शेल ज्या आकारात सर्वांत आधी चेपेल तो गणिती आकार) उचलून घालायची सवय आहे, पण इथे मोड एकमेकांना खेटून असतात आणि पहिलाच सर्वांत घातक असेल असं नाही. परिघी वेल्डवरचा आत गेलेला खळगा घालून पाहा, आणि खोली जाडीच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंत बदला.

बाह्य दाबाच्या मॉडेलमध्ये आणखी एक खोड असते. पृष्ठ वळताना दाबही त्याबरोबर वळायला हवा. ती सेटिंग बंद राहिली तर दाबाची दिशा स्थिर राहते आणि लांब पाइपला पुन्हा ३ ऐवजी ४ मिळतात. डॉनेलचीच चूक, फक्त महागड्या सॉफ्टवेअरमधून. म्हणून खऱ्या मॉडेलला हात लावण्याआधी वरचा १० मिमीचा लांब पाइप एकदा चालवा: ०.०५५ ऐवजी ०.०७३ आलं तर आधी ती सेटिंग शोधा.