थबक मोजा: आगोटीपासून शिगम्यापर्यंतचा अनुभव

खांदा जुना झालेल्या पिचरने, म्हणजे बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे चेंडू टाकणाऱ्याने, हा जादूचा मोजा घ्यावाच. वेग वाढवायचा असेल त्याने मात्र घेऊ नये, कारण वेग यातून मिळत नाही.

उजव्या हाताने चेंडू टाकणाऱ्याने तो डाव्या पायात घालायचा. पाय पुढे पडून टेकला की मोजा हाताला क्षणभर मागेच धरतो. अंग पुढे गेलेलं, हात हवेत अडकलेला, आणि बॅट तोवर निम्मी फिरून मोकळी. मग चेंडू सुटतो. ही चाल अमेरिकेचा पिचर सॅचेल पेज याची. मेजर लीगची, म्हणजे तिथल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेची, दारं कृष्णवर्णीयांना बंद असल्याने त्याची उमेदीची वर्षं त्यांच्या वेगळ्या निग्रो लीगमध्ये गेली. 1948 साली मेजर लीगमधल्या क्लीव्हलँड संघाने त्याला घेतलं तेव्हा तो 42 वर्षांचा होता, आणि त्याच वर्षी अमेरिकन लीगने (मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एक) हे थबकणं नियमबाह्य ठरवलं. म्हणून मोजा सरावापुरताच ठेवा, स्पर्धेत नको. पाकिटावर हे ठळक छापायलाच हवं होतं.

मी फोंड्याजवळच्या गावात मुलांना बेसबॉल शिकवतो. पन्नाशी उलटली तरी बॅटिंगच्या सरावाला चेंडू मीच टाकतो. मोठी मुलं माझा हात वर जातानाच ओळखायची की आता चेंडू येणार. मोजा घातल्यापासून ते बंद झालं. पण खरा फायदा त्यांचा झाला. माझा भाचा सगळ्यांत उतावळा. चेंडू हातात असतानाच बॅट फिरवून बसायचा. चवथीच्या सुट्टीत तो रोज म्हणू लागला, "मामा, परत टाक, आता थांबतो." दिवाळीपर्यंत तो खरोखर थांबायला शिकला. आता मी साधा चेंडू टाकला तरी त्याची नजर माझ्या खांद्यावर नसते, बोटांवर असते. इतकी वर्षं ओरडून मला हे जमलं नव्हतं.

जमीन मात्र घट्ट हवी. मिरामारच्या वाळूत पाय रुततो आणि मोज्याला तो टेकल्याचं कळतच नाही. आमच्या सड्यावर उत्तम चालतो, भात कापलेल्या शेतातही. पावसाळ्यात वाळता वाळत नाही. ओला घातला तर हात इतका उशिरा सुटतो की चेंडू प्लेटच्या (फलंदाजाजवळच्या जमिनीवरच्या पाटीच्या) अलीकडेच मातीत आपटतो. तांबड्या मातीचे डाग जात नाहीत, पण त्याने जादू कमी होत नाही.

नेम तुमचा तुम्हालाच कमवावा लागतो. पेज म्हणे प्लेटऐवजी च्युइंगगमचा कागद ठेवून सराव करायचा. मीही मुलांसाठी छोटा कागद ठेवतो, वर खडा. ज्याचा चेंडू आधीच भरकटतो त्याच्या पायात मोजा घातला तर तो आणखी भरकटतो. त्यामुळे लहान मुलांना एवढ्यात देऊ नका, त्यांना आधी सरळ टाकू द्या.

1965 मध्ये, वयाच्या 59 व्या वर्षी, पेजने कॅन्सस सिटी संघाकडून बॉस्टनविरुद्ध तीन इनिंग (सामन्याच्या नऊ फेऱ्यांपैकी तीन) टाकल्या आणि एकही धाव दिली नाही. त्याच्या पायात जादूचा मोजा नव्हता, सगळं त्याचं स्वतःचं होतं. त्या माणसाचं नाव आज आमच्या गावातल्या पोरांना माहीत आहे, याचा मला मनापासून आनंद आहे.

मोज्याला डावा-उजवा नाही. आमच्या संघातली डावखुरी मुलगी तोच उजव्या पायात घालते आणि तिला तो माझ्यापेक्षा छान साधतो. दोघांनी एक घेतला तरी भागतं, फक्त शनिवारी धुवून उन्हात टाका.